कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षी गणिताचा कोणता पेपर घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की पुढचा महिना-दीड महिना संध्याकाळी माझ्या घरी चहा सतत चुलीवरच असतो. जुने विद्यार्थी येतात, सोबत अब्बा नाहीतर भाईजान, हातात मार्कशीट आणि कॉलेजचं माहितीपत्रक. मागच्या वर्षी अशीच एक मुलगी आली. दहावीपर्यंत आमच्याच शाळेत, उर्दू माध्यमात शिकलेली. बारावी सायन्सला गणितात शंभरापैकी ४९. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन पक्कं झालं होतं, पण फॉर्मवर एक रकाना रिकामा होता : डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स, यांपैकी एक निवडा.

भावाचं मत, "स्टॅटिस्टिक्स घे, स्कोअरिंग आहे." अब्बा म्हणाले, "सर, ज्यात गणित कमीत कमी असेल ते सांगा." मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कॅल्क्युलसची भीती वाटते सर. बाकीच्या दोनमध्ये काय असतं तेच माहीत नाही."

नवीन शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा शब्दांनी फॉर्म भरलेला असतो आणि कॉलेजागणिक पर्याय वेगळे असतात. पूर्वी बहुतेक पेपर ठरलेले असायचे, आता निवड मुलांवर येते. घरात कॉलेजला जाणारी पहिलीच मुलगी असेल तर विचारायचं कुणाला? मग "सोपं काय" एवढाच प्रश्न उरतो. त्या तिघांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

डिस्क्रीट म्हणजे सुटं सुटं. कॅल्क्युलस वाहत्या गोष्टींचं गणित आहे : वेग, वाढ, उतार. डिस्क्रीट हे मोजता येणाऱ्या, एकेक वेगळ्या वस्तूंचं गणित आहे. कॉम्प्युटरच्या पोटात शून्य आणि एक याशिवाय काही नाही, म्हणून त्याची भाषा ही. यात तर्कशास्त्र, ज्याला उर्दूत आपण मंतिक म्हणतो, ते येतं. संच, संबंध, मोजणी, इंडक्शन आणि ग्राफ येतात.

मंतिकपासून सुरू करू. "वर्गातली सगळी मुलं पास झाली" या वाक्याच्या उलट काय? माझ्या वर्गात दहापैकी आठ मुलं सांगतात, "सगळी नापास झाली." चूक. उलट एवढंच, की निदान एक मूल पास झालं नाही. शब्दांचा खेळ वाटतो, पण लॉगिनचा प्रोग्राम लिहायला घ्या. युजरनेम बरोबर आणि पासवर्ड बरोबर असेल तरच आत सोडायचं. मग अडवायचं कुणाला? ज्याचं युजरनेम चूक किंवा पासवर्ड चूक त्याला. तिथे "किंवा"च्या जागी "आणि" लिहिलं, तर युजरनेम बरोबर आणि पासवर्ड भलताच टाकणारा माणूस आरामात आत जाईल. एका अव्ययाने दार उघडं राहिलं!

आता मोजणी. ईदच्या दिवशी एका दिवाणखान्यात २० जण जमले आणि प्रत्येकाने प्रत्येकाची गळाभेट घेतली, तर एकूण गळाभेटी किती? २० गुणिले १९, भागिले २, म्हणजे १९०. माणसं दुप्पट झाली, ४०, तर भेटी दुप्पट होत नाहीत, ७८० होतात. चौपटीहून जरा जास्त. हे ऐकून अब्बा हसले, म्हणाले, "म्हणूनच ईदला दुपारचं जेवण उशिरा होतं."

याच हिशोबाने चांगला प्रोग्राम आणि वाईट प्रोग्राम ओळखला जातो. समजा एक लाख नावांच्या मतदार यादीतून दुबार नावं शोधायची आहेत. प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडून पाहायचं म्हटलं तर सुमारे ५०० कोटी तुलना कराव्या लागतील. यादी आधी वर्णानुक्रमे लावली तर सारखी नावं आपोआप शेजारी येतात, काम कितीतरी पटीने कमी होतं. आणि अशा लावलेल्या यादीत एखादं नाव आहे की नाही हे पाहायला, दरवेळी मधलं पान उघडून अर्धी यादी बाजूला टाकत गेलं, तर जास्तीत जास्त १७ वेळा पाहावं लागतं. एक लाखात १७! कंपनीच्या मुलाखतीत विचारतात ते बहुतेक याच जातीचं असतं.

ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. एसटीचे थांबे ठिपके, रस्ते रेषा. दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची एक रीत डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही कॉम्प्युटर सायन्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात.

हे सगळं अगदी नवीन आहे असंही नाही. आपल्या राज्याच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे, ट्रुथ टेबल आणि स्विचच्या सर्किटसकट. संच, संबंध, परम्युटेशन-कॉम्बिनेशन अकरावीत येऊन जातं. सीईटीच्या गडबडीत मुलं हे धडे पळवतात आणि डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनमध्ये अडकतात. त्या मुलीला मी विचारलं, ४९ पैकी गेले कुठे? बहुतेक मार्क इंटिग्रेशनमध्ये गेले होते. लॉजिकचा धडा तिला आवडला होता! म्हणजे "गणित कच्चं" हा शिक्का निम्म्या पुस्तकावरून बसला होता.

स्टॅटिस्टिक्सबद्दल भावाचं अर्धं बरोबर. सुरुवातीचं सरासरी, मध्यक वगैरे सोपं आहे. पण पुढे प्रोबॅबिलिटी लागते आणि ती मोजणी आली नाही तर येत नाही. डेटाच्या कामात जायचं असेल तर हा विषय हवाच. पण केवळ मार्कांसाठी घेतला तर दुसऱ्या सेमिस्टरला हिशोब चुकतो.

कॅल्क्युलसला मी नाव ठेवणार नाही. आज ज्याला एआय म्हणतात, त्यात मशीनला शिकवताना चूक थोडी थोडी कमी करत नेतात, आणि ती कुठल्या दिशेने कमी होते ते डेरिव्हेटिव्ह सांगतो. त्याच्या जोडीला लिनियर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित. मोबाईलवर फोटो फिरवता तेव्हा मागे मॅट्रिक्सच चालते. गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला आहे. त्यात प्रोबॅबिलिटी, लिनियर अल्जिब्रा आणि कॅल्क्युलस तिन्ही आहेत. एनआयटीत एमसीए करायचं तर निमसेट द्यावी लागते, तिथेही सर्वांत मोठा वाटा गणिताचाच. तेव्हा अब्बांच्या "कमीत कमी गणित" या मागणीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते टाळून या शाखेत फार लांब जाता येत नाही, आज नाही तर तिसऱ्या वर्षी ते समोर येतंच.

माझं मत असं : एकच पेपर निवडायचा असेल तर आधी डिस्क्रीट. त्यात बारावीचं इंटिग्रेशन लागत नाही, सगळे जवळपास एकाच रेषेवरून सुरू करतात, आणि डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, अल्गोरिदम हे पुढचे विषय त्यावरच उभे आहेत. पण फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. बऱ्याच ठिकाणी डिस्क्रीट कॉम्प्युटर सायन्सच्या मुख्य विषयांतच सक्तीचं असतं. तसं असेल तर निवडीच्या रकान्यात तेच पुन्हा शोधू नका, तिथे लिनियर अल्जिब्रा घ्या. तो नसेल आणि बारावीचं गणित बरं असेल तर कॅल्क्युलस. ऑफिसच्या खिडकीवर विचारून भागणार नाही. विभागातल्या सरांना किंवा मॅडमना भेटा, पूर्ण अभ्यासक्रम मागा, आणि पहिल्या वर्षी सोडलेला विषय पुढे घेता येतो का हेही विचारा.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी थोडं वेगळं. मुसल्लस, जाविया, मुसावात म्हणत वाढलेलं पोर अकरावीत अचानक इंग्रजीत फेकलं जातं. डिस्क्रीटमध्ये आकडे कमी आणि वाक्यं जास्त असतात, म्हणून सुरुवातीला ते जड जातं. फॉर ऑल, देअर एक्झिस्ट्स, ॲट लीस्ट, इफ अँड ओन्ली इफ, असे वीस-पंचवीस शब्दप्रयोग आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकासमोर उर्दू किंवा मराठी लिहा : हर एक के लिए, कम से कम, तर आणि तरच. एवढी वीस वाक्यं पक्की झाली की निम्मी भीती जाते. एनपीटीईएलवर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सची लेक्चर्स फुकट आहेत. केनेथ रोझन यांचं जाडजूड पुस्तक विकत घेऊ नका, लायब्ररीतून आणा.

आपल्याकडे भाषणात अल-ख्वारिज्मीचं नाव हमखास निघतं. अल्गोरिदम हा शब्द त्यांच्या नावावरून आला आणि अल्जिब्रा त्यांच्या पुस्तकाच्या नावातल्या अल-जब्रवरून, हे खरंच आहे. टाळ्याही पडतात. त्या सभेतल्या किती घरांत मुलीला गणिताचा पेपर घे म्हणून सांगितलं जातं, हे मात्र मी अजून मोजलेलं नाही.

मुलीने डिस्क्रीट घेतलं. पहिल्या अंतर्गत परीक्षेत २० पैकी ८ पडले आणि ती रडत आली. भाऊ म्हणाला, "मी सांगत होतो." पेपर पाहिला तर सगळे मार्क इंडक्शनमध्ये गेलेले. रांगेत उभ्या केलेल्या विटा आणल्या असं समज, म्हटलं. पहिली वीट पडते हे दाखव, आणि कुठलीही वीट पडली की तिच्या पुढची पडतेच हे दाखव. झालं, सगळी रांग आडवी. ती पायरीसाठी पायरी लिहीत होती, पण पहिली वीटच पाडत नव्हती. तीन रविवार आम्ही तेवढंच केलं. सेमिस्टरला ती चांगल्या मार्कांनी पास झाली.

परवा तिचे अब्बा पुन्हा भेटले. पुढच्या सेमिस्टरला तिला लिनियर अल्जिब्रा घ्यायचा आहे म्हणे. "सर, यात गणित किती असतं?"

"सगळंच," मी म्हणालो. ते म्हणाले, "बरं, मग रविवारी पाठवतो."