तळ्यांच्या मुलखातले अरण्य

गोंदिया आणि भंडारा हे विदर्भाच्या पूर्व टोकाचे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. या मुलखातल्या डोंगररांगांमध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प वसला आहे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली, तर नागझिरा अभयारण्य त्याआधी १९७० साली घोषित झाले. नवेगाव, नवे नागझिरा व कोका ही अभयारण्ये त्यांना जोडून २०१३ च्या डिसेंबरात राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला.

वाघाच्या ओढीने येणाऱ्या पर्यटकाला येथे प्रथम खुणावते ते पाणी. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव निसर्गनिर्मित वाटत असला, तरी तो माणसाने बांधला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी बांधून हे पाणी अडवले, असे सांगितले जाते. धानशेतीसाठी तळी खोदण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर असे हजारो तलाव सरकारकडे गेले. ते आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने परिचित आहेत.

हिवाळ्यात या पाण्यावर पाहुणे उतरतात. पट्टकादंब, तलवार बदक, लालसरी यांचे थवे दिसतात. कमळपक्षी व जांभळी पाणकोंबडी तर इथलीच. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे वास्तव्य केले आणि इथल्या पाखरांना मराठी साहित्यात घर मिळाले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचून या जंगलाची वाट धरणारेही पुष्कळ. ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि बांबूच्या या रानात बिबट, अस्वल, रानकुत्रे व गवा आहेत. वाघांची संख्या वाढावी म्हणून २०२३ व २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या.

मात्र संरक्षित सीमेच्या आत सारे सामावत नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी जवळजवळ केवळ याच भागात उरला आहे, आणि तो घरटे बांधतो तो पावसाळ्यात, भरल्या धानाच्या बांधीत. गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते त्याच महिन्यांत त्याची पिले शेतकऱ्याच्या राखणीवर वाढतात. कीटकनाशके, विजेच्या तारा आणि गाळाने भरणारे तलाव हे त्याचे शत्रू. बेशरमाच्या झुडपांनी अनेक तळी व्यापली. काही ठिकाणी धीवर समाजातील स्त्रियांनी ती उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासे व पक्षी परतले. तळे जगले तर रान जगते, हा धडा या स्त्रियांनी कृतीतून दिला आहे.

शिवाय, नवेगाव व नागझिरा या दोन्ही जंगलांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. वन्यप्राण्यांना तो ओलांडावाच लागतो. साकोलीच्या परिसरातून जाताना, विशेषतः रात्री, वाहनाचा वेग आवरणे हे पर्यटकाचे पहिले कर्तव्य ठरते.

कसे जाल? नागपूरहून महामार्गाने साकोली सुमारे १०० किलोमीटर. तेथून नागझिरा व नवेगावबांध या दोन्हींकडे रस्ते फुटतात. रेल्वेने गोंदिया सोयीचे. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर वन्यप्राण्यांसाठी उन्हाळा उत्तम. दुर्बीण जवळ असावी, कपडे मातकट रंगाचे असावेत. आणि पाणवठ्यावर शांतता पाळावी. यजमानांना तेवढे पुरते.