जस्टिनला पुन्हा वगळलं

गिएर्मो देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ नेटफ्लिक्सवर आल्यापासून एक वाक्य सारखं कानावर पडतंय: अखेर कोणीतरी मेरी शेलीचं पुस्तक वाचून सिनेमा केला! कौतुक निम्मं खरं आहे. उत्तर ध्रुवाकडचं बर्फ आहे, त्यात अडकलेलं जहाज आहे, आणि मुख्य म्हणजे व्हिक्टरने घडवलेला तो जीव नीट बोलतो, स्वतःची बाजू स्वतः मांडतो. (सिनेमा अजून पाहायचा असेल, तर पुढचं नंतर वाचा.)

त्याची वाचा गेली ती फार पूर्वी. कादंबरी १८१८ची आणि १८२३मध्येच लंडनच्या रंगभूमीवर तिचं नाटक आलं. त्यात हा जीव मुका होता. वैज्ञानिकाचा फ्रिट्झ नावाचा मदतनीसही त्या नाटकाचीच देणगी. पुस्तकात व्हिक्टर एकटाच राबतो. मेरी शेली स्वतः नाटक बघून आली आणि चिडली नाही, उलट तिला मजा वाटली. पात्रयादीत त्या जीवाच्या नावाची जागा कोरी सोडली होती, ते तर तिला फारच आवडलं. पुढे १९३१मध्ये जेम्स व्हेलच्या सिनेमात बोरिस कार्लोफ नुसता गुरगुरला आणि तोच चेहरा जगाच्या डोक्यात बसला.

प्रयोगशाळेतल्या विजा, यंत्रं, कडकडाट यांवरून मी तरी भांडणार नाही. जीव नेमका कसा घातला, हे कादंबरीतला व्हिक्टर सांगतच नाही. ऐकणाऱ्याने तोच उद्योग करू नये म्हणून. लेखिकेला हे जमतं. दिग्दर्शकाला कॅमेरा लावून काहीतरी दाखवावंच लागतं.

माझं भांडण जस्टिन मॉरिट्झसाठी आहे.

जस्टिन ही फ्रँकेन्स्टाइन कुटुंबाच्या घरात कामाला असलेली मुलगी. व्हिक्टरचा धाकटा भाऊ, लहानगा विल्यम बेपत्ता होतो, तेव्हा ती त्याला शोधत हिंडते. तोवर जिनिव्हाच्या वेशी बंद होतात आणि तिला रात्र गोठ्यात काढावी लागते. विल्यमचा गळा त्या जीवानेच आवळलेला असतो. पोराच्या गळ्यातली आईची तसबीर तो झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवतो, जाणूनबुजून. खटला उभा राहतो. एलिझाबेथ तिच्या बाजूने साक्ष देते, तर लोकांना आरोपी आणखीच कृतघ्न वाटू लागते. पाद्री नरकाची भीती घालतो आणि जस्टिन न केलेला खून कबूल करते. तिला फाशी होते. खुनी कोण हे व्हिक्टरला ठाऊक असतं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो तोंड उघडत नाही. वर त्याचं म्हणणं असं, की तिच्यापेक्षा जास्त यातना त्यालाच झाल्या! मला विचाराल तर कादंबरीतलं सर्वांत भयंकर प्रकरण हेच. त्यात ना स्मशान, ना वादळ. आहेत ते न्यायाधीश, साक्षीदार आणि गप्प बसलेला एक सुशिक्षित तरुण.

सिनेमावाल्यांना ती अडचणीची वाटते, हे समजण्यासारखं आहे. ती पडद्यावर आली की व्हिक्टर आणि त्याचा जीव, दोघांबद्दलची सहानुभूती एकदमच आटते. केनेथ ब्रानाने १९९४मध्ये लेखिकेचं नाव थेट शीर्षकात घातलं, पण खटला गाळला. त्याच्या जस्टिनला जमावच लटकवतो. देल तोरोकडे ती मुळी नाहीच. विल्यम तिथे मोठा झालाय, एलिझाबेथ त्याची वाग्दत्त वधू आहे आणि ती मरते व्हिक्टरच्या गोळीने. पुस्तकात तिला तो जीव लग्नाच्या रात्री, सांगून-सवरून मारतो. सिनेमात जहाजावरचे खलाशी तो मारतो खरे, पण त्यांना ना नाव ना गाव, त्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही. देल तोरोचं राक्षसांवर प्रेम आहे, ते ‘द शेप ऑफ वॉटर’मध्येही दिसलं होतं. इथे त्या प्रेमापोटी त्याने आरोपीचे हात धुऊन दिलेत. व्हिक्टरलाही सवलत आहेच: पुस्तकातला मायाळू बाप इथे छडी उगारणारा झालाय, म्हणजे पोराचं खापर बापावर.

मग शेवटी क्षमा येते. शेलीच्या पुस्तकात कोणी कोणाला क्षमा करत नाही. व्हिक्टर मरताना स्वतःला दोषी मानत नाही आणि त्याच्या प्रेताजवळ रडणारा जीव स्वतःला माफ करत नाही. मिल्टन आणि प्लुटार्क वाचलेला, सुंदर बोलणारा हा जीव थंड डोक्याने निरपराध मुलीला फासावर चढवतो, हे पचवणं आपल्याला जड जातं. सिनेमात एलॉर्डीने साकारलेला जीव डोळ्यांत पाणी आणतो, नक्कीच आणतो. पण डोळे पुसल्यावर त्याच्याविषयी एकही अवघड प्रश्न उरत नाही.

कादंबरीला बऱ्यापैकी धरून चाललेला एक स्वीडिश-आयरिश सिनेमा कॅल्विन फ्लॉइडने १९७७मध्ये केला होता. आज त्याचं नाव फारसं कोणाला आठवत नाही, म्हणजे निष्ठेचा भाव बाजारात किती ते कळलंच. तरीही अडीच तासांच्या सिनेमात न मावणारं आठ भागांच्या मालिकेत सहज मावेल. त्यातला एक अख्खा भाग जिनिव्हाच्या न्यायालयात घडावा, आणि त्या भागात राक्षस एकदाही दाखवू नये.