खर्च मोजायचा तर वाडीपासून

पेण आणि रोहा हे रायगडातले दोन तालुके नकाशावर मुंबईच्या अंगणात आहेत. डोलवीचा पोलाद कारखाना, धाटावची औद्योगिक वसाहत, मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि दिव्याहून रोह्याला येणारी रेल्वे, सगळे हाताशी. पण महामार्ग सोडून डोंगराच्या अंगाला वळले की ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या लागतात. पेणमध्ये खाडीकडे वळले, तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी तळमळणारा खारेपाट लागतो. सरकारी आरोग्यसेवेवरचा पैसा नीट वापरला जातो का आणि तो गरजेच्या माणसापर्यंत पोहोचतो का, हे दोन प्रश्न समजून घ्यायला हे तालुके चांगले आहेत.

कार्यक्षमता आणि समन्याय

कार्यक्षमतेचे दोन अर्थ आहेत. पहिला सोपा: आहेत तेवढे डॉक्टर, परिचारिका, खाटा आणि औषधे यांतून जास्तीत जास्त रुग्ण बरे होणे. दुसरा अर्थ आपण विसरतो. पैसा मुळात योग्य कामावर लागला का? खारेपाटात जुलाबाच्या रुग्णांना सलाईन लावत बसण्यापेक्षा तिथे स्वच्छ पाणी नेणे आरोग्यासाठी अधिक फायद्याचे असू शकते. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते, आणि खारेपाटातली गावे टँकरची वाट पाहतात. हा प्रश्न आरोग्य खात्याच्या कागदावर येत नाही, पण त्याचा ताण ओपीडीवर येतो.

समन्यायाचेही दोन अर्थ. सारख्या आजाराला सारखी सेवा मिळावी, आणि ज्याची अडचण मोठी त्याच्यासाठी व्यवस्थेने जास्त कष्ट घ्यावेत. पैसे कमी असताना समन्याय परवडत नाही, असे पुष्कळांना वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१०च्या अहवालात असा अंदाज मांडला होता, की जगात आरोग्यावर होणाऱ्या खर्चापैकी २० ते ४० टक्के वाया जातो. वाया जाणारा पैसा वाचवून तो लांबच्या माणसासाठी वापरता येतो.

तालुक्याची उतरंड

ग्रामीण सरकारी आरोग्यसेवा पायऱ्यांची असते. सर्वांत खाली साधारण हजार लोकांमागे एक आशाताई. त्यावर उपकेंद्र: सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक. मग डॉक्टर असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र: सपाटीवर ३०,००० आणि डोंगरात २०,००० लोकांमागे एक. पेण तालुक्यात कामार्ली, वाशी, गडब आणि रोह्यात नागोठणे, आंबेवाडी, चणेरे ही अशा केंद्रांची गावे. त्यांच्यावर पेण आणि रोहा इथली उपजिल्हा रुग्णालये, आणि शेवटी अलिबागचे जिल्हा रुग्णालय.

२०११च्या जनगणनेत पेण तालुक्याची लोकसंख्या सुमारे १.९५ लाख आणि रोह्याची सुमारे १.६७ लाख होती. सपाटीचा निकष लावला तर पेणला सहा-सात आणि रोह्याला पाच-सहा प्राथमिक केंद्रे लागतात. डोंगराळ निकष लावला तर पेणला नऊ-दहा आणि रोह्याला आठ-नऊ. तालुका तोच, माणसे तीच. तालुक्याचा कोणता भाग 'डोंगर' धरायचा, एवढ्यावर गणित बदलते. नकाशात महामार्ग दिसतो, वाडीची पाऊलवाट दिसत नाही, म्हणून या दोन तालुक्यांत सरासरी फसवते.

आणखी एक गोष्ट माहीत हवी. उपकेंद्रे आणि प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे. रुग्णाच्या लेखी दोन्ही 'सरकारी दवाखाना', पण पगार, औषधसाठा आणि बदल्या यांच्या वाटा वेगळ्या. खालून वर पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे खालच्या केंद्राला कळायचे तर दोन यंत्रणांना एकमेकांशी बोलावे लागते.

पायरी चुकली की

गावाजवळच्या केंद्रात डॉक्टर भेटेल याची खात्री नसली, की सर्दी-तापाचा रुग्णही थेट तालुक्याला जातो. तिथली रांग वाढते आणि तज्ज्ञ डॉक्टरचा वेळ किरकोळ आजारांत जातो. मग ज्याला खरोखर तज्ज्ञ हवा, त्याला 'पुढे घेऊन जा' ऐकावे लागते. पुढे म्हणजे अलिबाग, आणि तिथून मुंबई.

एखादी कडी निखळली तरी साखळी थांबते. शस्त्रक्रियागृह आहे, प्रसूतितज्ज्ञ आहेत, परिचारिका आहेत, पण भूलतज्ज्ञाचे पद रिकामे असेल तर सिझेरियन होत नाही. बाकी सगळ्यांचे पगार चालू राहतात आणि बाळंतीण ॲम्ब्युलन्समधून पुढच्या गावाला जाते. एक पद न भरून वाचलेला पैसा असा कितीतरी पटींनी वाया जातो.

सरकारी हिशेबात न दिसणारा खर्च

समजा, रोहा तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतली एक बाई तापलेले मूल घेऊन निघाली. तासभर डोंगर उतरायचा, रस्त्यावर मिनीडोर रिक्षाची वाट पाहायची, मग एसटी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, म्हणून केसपेपरला पैसे नाहीत. पण रक्ततपासणीचा अहवाल उद्या मिळणार. उद्या पुन्हा तोच डोंगर, तेच भाडे. तिची दोन दिवसांची मजुरी बुडते आणि सोबत नवरा असेल तर त्याचीही.

दवाखान्याच्या नोंदीत हा एक रुग्ण, उपचार पूर्ण. घरच्या नोंदीत आठवड्याची कमाई विस्कटली. ज्या व्यवस्थेला स्वतःचा खर्च कमी दिसतो, तिने तो बहुधा रुग्णाच्या गळ्यात टाकलेला असतो. म्हणून हिशेब दवाखान्याच्या दारापासून करून भागत नाही. तो वाडीपासून करावा लागतो. त्याच वाडीखालच्या उपकेंद्रात मलेरियाची झटपट तपासणी आणि गोळ्या असतील, तर सरकारचेही पैसे वाचतात आणि त्या बाईचेही.

खासगीकडे वळले तर खड्डा आणखी खोल. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीत, बाळंतपणे वगळून, एका वेळी भरती होण्याचा सरासरी खर्च देशात सरकारी रुग्णालयांत सुमारे ४,४५० रुपये होता आणि खासगीत सुमारे ३१,८५०. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे, पण अजूनही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणसाच्याच खिशातले.

सारखे वागवणे पुरत नाही

कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गटात धरलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक. बरीच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला बाहेरगावी जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लसीकरणाचे सत्र मात्र ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी. आरोग्यसेविका आली, घराला ताटी लावलेली, वहीत शेरा 'अनुपस्थित'. सत्र सर्वांसाठी खुले होते, यात खोटे काही नाही. पण सहा महिने जे गावात नसतात त्यांच्यासाठी ते नव्हतेच. भट्टीवर लस नेली तर दर बालकामागचा खर्च वाढेल. कागदावर ती अकार्यक्षमता दिसेल. गोवराची साथ आली, की खरी स्वस्त वाट कोणती होती ते कळते.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये हा उलटा न्याय मांडला: जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोहोचते. पेणच्या बाजारपेठेतले दवाखाने मोजावेत आणि मग डोंगराकडच्या वाड्यांचे मोजावेत. हार्ट यांचे म्हणणे समजायला वेल्सला जावे लागत नाही.

महाडचा विंचू

कार्यक्षमता आणि समन्याय एकत्र कसे नांदतात याचे सुंदर उदाहरण रायगडातच आहे. कोकणातला लाल विंचू चावला की विषाने हृदयावर प्रचंड ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. महाड परिसरात सरकारी केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण बारकाईने पाहिले आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून मृत्यू रोखले. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरातून एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी स्वस्त, पण ती लवकर मिळायला हवी. तालुक्याला पोहोचण्यात तीन तास गेले तर तिचा उपयोग घटतो. म्हणून तिची खरी जागा वाडीजवळच्या केंद्राचे कपाट, आणि ती कधी द्यायची हे जाणणारा माणूस तिथे असणे.

मांडव्याचा धडा

अलिबाग तालुक्यात मांडवा परिसरात १९७०च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी गावातल्याच, फारसे न शिकलेल्या बायकांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्याच काळात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हेच करत होते. साध्या आजारांचे उपचार, बाळंतपणाची काळजी आणि रोग ओळखणे ही कामे गावातल्या बायका नीट करू शकतात, हे दोन्हीकडे दिसले. मांडव्याचा प्रयोग स्थानिक राजकारणाशी अडखळून थांबला, पण २००५ नंतर आलेल्या आशा योजनेत त्या विचाराची खूण आहे. आशाताई ही यंत्रणेतली सर्वांत स्वस्त कडी म्हणून नेमली गेली. तिला पगार नाही, मोबदला मिळतो, आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून तिला मोर्चे काढावे लागले. सर्वांत लांबच्या घरापर्यंत जाणारी कडीच सर्वांत कच्ची ठेवणे, ही कसली काटकसर?

विमा कुठवर पुरतो

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. तिचीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि आता कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग यांसाठी ती मोठा आधार आहे. पण ती रुग्णालयात भरती झालेल्याला उपयोगी. ताप, मधुमेहाची रोजची गोळी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी तिच्या बाहेर राहते. विम्याचा पैसा रुग्णालये असतील तिथे जातो, आणि रुग्णालये शहराकडे असतात.

ग्रामसभेत विचारण्याजोगे

आकडे मुंबईत जमा होतात, पण पारख गावात होते. ग्रामसभेत किंवा केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत पुढचे प्रश्न विचारता येतात:

- उपकेंद्र आठवड्यातून किती दिवस उघडे असते, आणि ते दारावर लिहिले आहे का?
- सर्पदंशावरचे प्रतिविष, प्राझोसिन आणि मधुमेहाच्या गोळ्या आज शिल्लक आहेत का?
- गेल्या महिन्यात पुढे पाठवलेल्यांपैकी किती जणांवर जवळच उपचार होऊ शकले असते?
- स्थलांतर केलेल्या कुटुंबांतली मुले लसीच्या यादीत आहेत, की 'अनुपस्थित'मध्ये?
- सर्वांत लांबच्या वाडीतून केंद्रात यायला किती वेळ लागतो आणि किती भाडे पडते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वह्यांत सापडणार नाही. ते मिळवायला एकाला वाडीवर जाऊन, तिथून चालत खाली यावे लागेल.