देव एक, धनी एक : ख्रिस्ती श्रद्धेतील सार्वभौम ईश्वराचा अर्थ

हिंगोली जिल्ह्याला 'एक देव' ही कल्पना नवी नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे आणि विसोबा खेचरांनी नामदेवांना ज्या देवळात उपदेश केला असे परंपरा सांगते, ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले. तेव्हा, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. ही कथा मराठवाड्यात लहानथोरांना ठाऊक आहे.

याच जिल्ह्यात ख्रिस्ती समाजही राहतो. त्याची संख्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. देव एकच आहे, असे तोही म्हणतो. शब्द तेच असले तरी अर्थ तोच आहे काय? ख्रिस्ती माणूस जेव्हा ईश्वराला 'एक' आणि 'सार्वभौम' म्हणतो, तेव्हा तो नेमके काय स्वीकारतो आणि काय नाकारतो? आपल्या शेजाऱ्याची श्रद्धा समजून घेण्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण ख्रिस्ती धर्माची नीती, उपासना, समाजविषयक दृष्टी आणि त्याचे अंतर्गत वाद, सर्व काही या एका विधानापासून सुरू होते.

गणना नव्हे, निष्ठा

या श्रद्धेचे मूळ ज्यू धर्मात आहे. जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना उद्देशून एक घोषणा येते. आपला परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर संपूर्ण मनाने, जिवाने व शक्तीने प्रेम करावे, असा तिचा आशय. धर्मनिष्ठ ज्यू आजही ती दिवसातून दोनदा म्हणतात. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे येशूला विचारले गेले तेव्हा त्याने याच घोषणेपासून आरंभ केला आणि तिला शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा जोडली. मार्काच्या शुभवर्तमानात हा प्रसंग आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही देवांची शिरगणती नव्हे. विश्वाचे मूळ तत्त्व एक आहे, असा तात्त्विक निष्कर्षही येथे काढलेला नाही. येथे मागणी आहे ती निष्ठेची. देव एक आहे म्हणून निष्ठाही एकच असली पाहिजे. ती विभागता येणार नाही. मूर्तीपुढे न वाकणारा माणूस पैशापुढे, जातीपुढे वा राजापुढे वाकला, तर बायबलच्या दृष्टीने ती मूर्तिपूजाच ठरते.

'सार्वभौम' हा आपला शब्द 'सर्वभूमी'पासून आला आहे. सर्व भूमीवर ज्याची सत्ता, तो सार्वभौम. ज्यू लोकांना ईश्वराच्या या सत्तेचा सखोल बोध झाला तो विजयाच्या काळात नव्हे. इसवी सनपूर्व 586 च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, लोकांना बंदी करून नेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ स्पष्ट होता : बाबिलोनचा देव जिंकला, इस्राएलचा हरला. परंतु 'यशया' या ग्रंथाच्या उत्तरार्धात नेमका उलटा निष्कर्ष आढळतो. परमेश्वर हा एका टेकडीचा वा एका टोळीचा देव नाही. तो सर्व राष्ट्रांचा धनी आहे. ज्याने ज्यूंना पुढे मुक्त केले त्या परकी इराणी राजाला, कोरेशलाही, हा ग्रंथ ईश्वराने नेमलेला म्हणतो. सर्वस्व गमावलेल्या लोकांनी केलेले हे विधान आहे. म्हणूनच ख्रिस्ती परंपरेत सार्वभौमत्व हा विजेत्यांच्या बढाईचा विषय नसून पराभूतांच्या आशेचा विषय मानला गेला.

निर्माता आणि निर्मिती

औंढ्याच्या कथेकडे पुन्हा वळू. देव नाही असे स्थळ नाही, हे ख्रिस्ती माणूसही मान्य करील. स्तोत्रसंहितेत हा भाव ठिकठिकाणी आहे. परंतु जे आहे ते सर्व देवच आहे, असे तो म्हणणार नाही. निर्माता आणि निर्मिती यांत ख्रिस्ती तत्त्वज्ञान एक न पुसणारी रेषा ओढते. विश्व ईश्वराचा अंश नाही, त्याचे रूप नाही किंवा भासही नाही. ते त्याने शून्यातून, स्वेच्छेने निर्माण केले आहे.

हा भेद मराठी विचारवंतांनीच अतिशय बारकाईने मांडला आहे. बनारसच्या विद्वान परंपरेत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात त्यांनी भारतीय दर्शनांची चिकित्सा केली. शून्यातून निर्मिती ही कल्पना दर्शनांना मान्य नाही, हा त्यांच्या विवेचनातील एक कळीचा मुद्दा होता. मध्वाचार्यांचे द्वैत मत ख्रिस्ती विचाराच्या जवळचे वाटते. पण तेथेही जीव आणि जगत् ईश्वराधीन असले तरी अनादी आहेत. ख्रिस्ती मतानुसार ईश्वराखेरीज काहीच अनादी नाही. त्याच्या सत्तेला मर्यादा घालणारे काळ, कर्म वा प्रकृती असे दुसरे काही त्याच्याबरोबर आधीपासून नव्हते.

याचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. सर्व काही एकाच हाताने घडवले असेल, तर ग्रह, नक्षत्रे, भूतखेत, शकुन-अपशकुन यांना स्वतंत्र सत्ता उरत नाही. सृष्टी पूज्य नाही. पण ती तुच्छही नाही, कारण ती एका धन्याची ठेव आहे. माणूस तिचा मालक नसून कारभारी आहे, ही आजच्या पर्यावरणविचारात वारंवार येणारी भूमिका याच श्रद्धेतून येते.

एक, तर मग त्रैक्य कसे?

येथे कोणताही चौकस वाचक विचारील : देव एकच, तर मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कोण? इसवी सन 325 मधील नायसियाच्या आणि 381 मधील कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी याचे उत्तर सूत्रबद्ध केले. सत्त्व एक, व्यक्ती तीन. तिन्ही मिळून एकच इच्छा, एकच सत्ता, एकच उपास्य. ईश्वराचे ऐक्य एकाकी नसून प्रेमाने भरलेले आहे, असा यामागील विचार आहे.

हे उत्तर सर्वांना सहज पटले असे मात्र नाही. त्याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात त्यांचा आपल्या धर्मगुरू भगिनींशी व शिक्षिकांशी प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. मूर्तिपूजा आणि बहुदेववाद सोडून आपण एका ईश्वराकडे आलो. आता त्याच्या ऐक्याला बाध आणणारे काही स्वीकारायचे कसे, ही त्यांची अडचण होती. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्या निःसंकोच प्रश्न विचारीत राहिल्या. केवळ चर्चची आज्ञा म्हणून काही मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्या दृष्टीने सार्वभौम होता तो ईश्वर, बिशप नव्हे. पुढे ख्रिस्ताविषयीची त्यांची श्रद्धा दृढ झाली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद केला. परंतु सद्सद्विवेकावर अंतिम अधिकार एका देवाचाच, हा आग्रह त्यांनी 1922 मधील मृत्यूपर्यंत सोडला नाही.

धनी समर्थ, तर दुष्काळ का?

सार्वभौम ईश्वरावरील श्रद्धेला सर्वांत कठीण आव्हान आहे ते दुःखाचे. मराठवाड्याच्या वाचकाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. पावसाने दगा दिलेल्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला, देव समर्थ आहे हे सांत्वन वाटेल की थट्टा? देव समर्थ असूनही थांबवत नसेल तर तो दयाळू कसा, आणि दयाळू असूनही थांबवू शकत नसेल तर तो सार्वभौम कसा?

कर्मविपाकाच्या सिद्धान्तात याला एक सुसंगत उत्तर आहे. ख्रिस्ती श्रद्धेला ते उपलब्ध नाही. बायबलमधील 'ईयोब' हा ग्रंथ तर, दुःख म्हणजे पापाची शिक्षाच, हे मत ठामपणे फेटाळतो. नीतिमान ईयोब सर्वस्व गमावतो. मित्र त्याला त्याचे दोष शोधायला सांगतात. अखेरीस ईश्वर त्या मित्रांनाच चुकीचे ठरवतो. पण 'का' या प्रश्नाचे उत्तर ईयोबलाही मिळत नाही. ख्रिस्ती धर्म उत्तर म्हणून सिद्धान्त पुढे करीत नाही, क्रूस पुढे करतो. सार्वभौम ईश्वर दुःखाबाहेर सिंहासनावर बसून राहिला नाही, तो स्वतः त्यात उतरला, असा त्याचा दावा आहे. हा दावा तर्काने सिद्ध होत नाही. श्रद्धावंतही ते मान्य करतात. मात्र दुःखितापासून दूर राहण्याची मुभा त्यानंतर उरत नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई शेकडो मुलींना आणि विधवांना केडगावी घेऊन आल्या, त्यामागे हीच धारणा होती.

याच्याशी जोडलेला दुसरा वाद म्हणजे ईश्वरेच्छा आणि मानवी स्वातंत्र्य. कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने आधीच ठरवले आहे, असे सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनने आग्रहाने प्रतिपादन केले. अठराव्या शतकात जॉन वेस्ली म्हणाला, की कृपा सर्वांसाठी आहे आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे. गंमत अशी, की हिंगोलीच्या दोन बाजूंना या दोन परंपरा येऊन पोहोचल्या. जालन्यात स्कॉटिश फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी काम केले. ती मंडळी कॅल्व्हिनच्या परंपरेतली. उत्तरेला वाशीममध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभारणारी नाझरीन मंडळी वेस्लीच्या परंपरेतली. ईश्वर सार्वभौम आहे यावर दोघांचे एकमत. त्या सत्तेचा अंमल कसा चालतो, यावर मतभेद.

सिंहासन आणि समाज

ईश्वर सार्वभौम असेल तर पृथ्वीवरील कोणतीही सत्ता अंतिम नाही, हा या श्रद्धेचा राजकीय अर्थ. 'येशू प्रभू आहे' हे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचे वाक्य रोमन साम्राज्यात धोक्याचे होते, कारण प्रभू ही पदवी कैसराचीही होती. 1934 मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे काही ख्रिस्ती मंडळींनी जाहीरनामा काढला. चर्चला हिटलरच्या विचारसरणीखाली आणण्याच्या प्रयत्नांना त्यांनी त्यातून विरोध केला. अर्थात याच ईश्वराच्या नावाने धर्मयुद्धे झाली, वसाहती लादल्या गेल्या आणि गोव्यात इन्क्विझिशनही चालले, हा इतिहासही विसरता येत नाही. देवाच्या सार्वभौमत्वाचा हवाला देत माणूसच सार्वभौम होऊ पाहतो, तेव्हा ती श्रद्धा स्वतःच्याच विरोधात जाते.

भारतीय राज्यघटनेची उद्देशिकाही 'सार्वभौम' हा शब्द वापरते. पण तेथे तो राष्ट्राच्या राजकीय सत्तेविषयी आहे. दोहोंत संघर्ष असण्याचे कारण नाही. ख्रिस्ती नागरिक कायदा मानतो, कर भरतो; मात्र कोणत्याही राज्याला तो पूजा अर्पण करीत नाही.

सामाजिक कसोटी याहून कठीण आहे. पिता एक असेल तर लेकरांत उच्चनीच कसे? जालन्याजवळ शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल गावाकडे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील माणसे वळली, ती याच आश्वासनामुळे. परंतु देशातील अनेक ठिकाणी चर्चमधील बाके आणि दफनभूमीही जातीनुसार वेगळ्या राहिल्या. दलित ख्रिस्ती विचारवंतांची टीका नेमकी येथेच बोट ठेवते : उपासनेत एक देव आणि व्यवहारात अनेक जाती, हा छुपा बहुदेववादच आहे.

देवाचा दरबार

मग इतर धर्मांचे काय? एक देव म्हणजे बाकी सर्व खोटे, असा अर्थ अनेक मिशनऱ्यांनी घेतला. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले जाहीर वादविवाद त्या काळाचे द्योतक आहेत. परंतु दुसरी वाटही होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये घोषित केले, की अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही चर्च नाकारीत नाही.

महाराष्ट्रात ही वाट त्याआधीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी चोखाळली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने वारकरी संतांचा अभंग ख्रिस्तभक्तीसाठी वापरला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. नावातच त्यांचा विचार दिसतो. दरबार देवाचा असेल तर त्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरविण्याचा अधिकार देवाचा. मिशनचा, पंथाचा वा जातीचा नव्हे.

ख्रिस्ती श्रद्धेतील एका सार्वभौम ईश्वराचा अर्थ म्हणूनच दुसऱ्याच्या देवघरापेक्षा स्वतःच्या मनात आधी तपासावा लागतो. तेथील सिंहासनावर खरोखर कोण बसले आहे, हा प्रश्न ती श्रद्धा आपल्या अनुयायांना रोज विचारते. नरसीच्या नामदेवांना विसोबांनी केलेला प्रश्न वेगळा होता आणि त्याचे उत्तरही वेगळे होते. तरीही दोन्ही प्रश्न माणसाला एकाच ठिकाणी आणून सोडतात : देवाला एका कोपऱ्यात बसवून उरलेले आयुष्य आपल्या मर्जीने चालवता येत नाही.