गुन्हे घटले की आकडे?

‘द वायर’ ही अमेरिकन मालिका तुमच्यापैकी काही जणांनी पाहिली असेल, काहींच्या नुसतं कानावर नाव असेल. तिच्या चौथ्या पर्वातला एक प्रसंग सांगून सुरुवात करतो. बाल्टिमोर शहराच्या पश्चिम भागात ओस पडलेली घरं रांगेनं उभी आहेत. दारांना, खिडक्यांना महापालिकेनं फळ्या ठोकल्या आहेत. लेस्टर फ्रीमन नावाचा एक मुरलेला तपास अधिकारी त्या रस्त्यानं जाताना एका दारापाशी थबकतो. इथल्या फळीचे खिळे बाकीच्या घरांसारखे नाहीत. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. एका टोळीची माणसं नाहीशी होत होती, पण प्रेतं सापडत नव्हती, ती या घरांत आहेत!

आता वरिष्ठ त्याची पाठ थोपटतील असं आपल्याला वाटतं. पण त्याचा सार्जंट उलट त्याच्यावरच उखडतो. वर्ष संपायला थोडे आठवडे उरलेत, आधीच निम्म्याहून जास्त खुनांचा उलगडा झालेला नाही, आणि तू नवी प्रेतं शोधून आणतोस? त्याचं म्हणणं, दारं बंदच राहू देत.

माझी सगळी नोकरी एका सरकारी खात्यात मासिक अहवालांचे तक्ते भरण्यात गेली. त्यामुळे हा प्रसंग बघताना मला आधी हसू आलं आणि पाठोपाठ अंगावर काटा आला. ही दारं पुढं उघडतात, वीसहून अधिक प्रेतं निघतात. पण ती उघडतात कशी? नवा महापौर निवडून आलेला असतो. प्रेतं याच वर्षात बाहेर काढली तर ती जुन्या महापौराच्या खात्यावर पडतील, असा हिशोब निघतो. म्हणजे दडवायची ती आकड्यासाठी आणि काढायची तीही आकड्यासाठीच.

लोक या मालिकेला पोलीस आणि गर्दविक्यांची मालिका म्हणतात. ते खोटं नाही. पण माझ्या मते तिचा खरा विषय हा तक्ता आहे.

एचबीओ वाहिनीवर ती २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत आली. एकूण ६० भाग. ती रचली डेव्हिड सायमन यांनी. ते ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचे गुन्हे वार्ताहर. १९८८ साली त्यांनी शहराच्या खून-तपास पथकाबरोबर वर्षभर राहून पुस्तक लिहिलं. त्यांचे जोडीदार एड बर्न्स. हे गृहस्थ आधी बाल्टिमोरचे पोलीस तपास अधिकारी आणि नंतर तिथल्याच सरकारी शाळेत शिक्षक! चौथं पर्व शाळेवर आहे, ते इतकं खरं का वाटतं याचं उत्तर इथंच मिळतं.

‘वायर’ म्हणजे फोनवर लावलेली कानगोष्ट ऐकणारी तार. ती लावणं सोपं नसतं. न्यायाधीशाची परवानगी लागते आणि साध्या मार्गांनी तपास करून हात टेकले हे आधी दाखवून द्यावं लागतं. परवानगी मिळाल्यावरही वाट्टेल ते ऐकता येत नाही. गुन्ह्याशी संबंध नसलेलं बोलणं सुरू झालं की यंत्र बंद करायचं. सार्वजनिक फोन असेल तर त्या क्षणी तिथं आपलाच माणूस बोलतोय, हे कुणीतरी गच्चीवरून डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

समोरची टोळीही कच्च्या गुरूची चेली नाही. पैसे एक जण घेतो, माल दुसराच कुणी, बहुधा लहान पोरगा, लांबून आणून देतो. पकडला जाणाऱ्याच्या हातात दोन्ही एकदम कधी नसतं. निरोप पेजरवर जातात, तेही सांकेतिक. ती सांकेतिक भाषा मला फार आवडली. फोनची बटणं डोळ्यांसमोर आणा. मधे ५. कुठलाही आकडा दाबायचा तर ५ ला ओलांडून समोरचा दाबायचा: १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, ३ च्या जागी ७, ४ च्या जागी ६. आणि ५ व शून्य यांची अदलाबदल. अक्षरओळख जेमतेम असलेल्या पोरालाही पाठ होईल असं हे गणित. ते सोडवतो प्रेझ नावाचा एक अधिकारी. रस्त्यावर निव्वळ निकामी, पण कागदापुढं बसला की हुशार. पुढं हाच नोकरी सोडून शाळेत गणिताचा मास्तर होतो.

एवढी मेहनत घ्यायची तर वेळ लागतो, महिनेच्या महिने. वरिष्ठांना तो द्यायचा नसतो. त्यांना टेबलावर मांडलेली पुड्यांची रास आणि तिच्यामागं उभं राहून काढलेला फोटो हवा असतो. असं का?

याचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथं १९९४ साली ‘कॉमस्टॅट’ नावाची पद्धत सुरू झाली. दर भागाचे गुन्ह्यांचे आकडे पडद्यावर दाखवायचे आणि त्या भागाच्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष जाब विचारायचा. कल्पना वाईट नव्हती. चोऱ्या कुठं वाढल्या हे कळलं तर तिथं माणसं धाडता येतात. बाल्टिमोरमध्ये १९९९ साली मार्टिन ओमॅली महापौर झाले आणि त्यांनी असा हिशोब पोलिसांपुरता न ठेवता सगळ्या महापालिकेला लावला. न्यूयॉर्कहून एड नॉरिस यांना आणून पोलीस आयुक्त केलं. गंमत म्हणजे हेच नॉरिस मालिकेत साध्या तपास अधिकाऱ्याच्या छोट्या भूमिकेत दिसतात, तेही स्वतःच्याच नावानं!

पण जाब विचारला जाणार म्हटल्यावर माणूस काय करतो? गुन्हा कमी करणं कठीण, गुन्ह्याचं नाव बदलणं सोपं. जबरी चोरीची साधी चोरी होते. गंभीर हल्ल्याची किरकोळ मारामारी होते. तक्रारदाराला दोन वेळा परत पाठवलं की तक्रारच उरत नाही. खुनाचं मात्र असं करता येत नाही, कारण प्रेत समोर असतं. म्हणून तर त्या फळ्या ठोकलेल्या घरांचा प्रसंग इतका झोंबतो.

तिसऱ्या पर्वात हावर्ड कॉल्विन हा निवृत्तीला टेकलेला अधिकारी येतो. त्याला फर्मान येतं, गुन्हे ५ टक्क्यांनी खाली आणा. तो आकड्यांची शाई पुसत बसत नाही. ओस पडलेल्या तीन जागा निवडतो आणि गर्दविक्यांना सांगतो, इथं विका, आम्ही बघणार नाही, बाकी शहरात दिसलात तर खैर नाही. पोरं त्या जागेला ‘हॅम्स्टरडॅम’ म्हणतात, ॲम्स्टरडॅमचा अपभ्रंश. भाग शांत होतो, म्हाताऱ्या बायका पुन्हा पायरीवर बसू लागतात. गुन्हे खरोखरच घटतात, आणि नेमका त्याच वेळी वरिष्ठांना संशय येतो की आकडे खोटे आहेत. मालिका मात्र त्या जागेचं कौतुक करून थांबत नाही. तिथलं नरक झालेलं जगणंही ती दाखवते. या पर्वात आरोग्य अधिकाऱ्याच्या भूमिकेत कर्ट श्मोक दिसतात. ते बाल्टिमोरचे खरोखरचे माजी महापौर. व्यसन हा पोलिसांचा नव्हे, आरोग्य खात्याचा प्रश्न माना, असं ते १९८८ पासून सांगत होते.

प्रेझ मास्तर झाल्यावर काय होतं, तेही पाहा. राज्याची परीक्षा जवळ येते आणि शिकवणं बंद करून उत्तरं घोकून घ्या असा हुकूम येतो. त्याला पोलीस ठाण्याची आठवण होते. तीच युक्ती, फक्त फळा नवा. आणि महापौर कार्केटी? शाळांच्या तिजोरीत ५ कोटी ४० लाख डॉलरची तूट आहे. राज्यपालांकडून मदत मिळू शकते. पण ती घेतली तर पुढं राज्यपालपदाची निवडणूक लढवताना अडचण. तो घेत नाही. हा माणूस दुष्ट नाही, सुरुवातीला तर तो आपल्याला मनापासून आवडतो. या मालिकेत खलनायक शोधायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही.

आता हे शहर असं का झालं, तेही थोडक्यात सांगतो. १९५० साली बाल्टिमोरची वस्ती साडेनऊ लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ५ लाख ८५ हजार भरली. स्पॅरोज पॉइंटचा पोलाद कारखाना एकेकाळी तीस हजारांच्या आसपास कामगारांना पोसत होता, तो २०१२ साली बंद पडला. गोदीतलं काम आटलं, त्यावर दुसरं पर्व आहे. ती फळ्या ठोकलेली घरं याच लोकांची.

मालिकेला एमी पुरस्कार एकदाही मिळाला नाही, नामांकनं दोनच, तीही लेखनाची. मला त्याचं फारसं दुःख नाही. एका गोष्टीची चुटपुट मात्र आहे. ती संपल्यावरही बाल्टिमोरमध्ये तेच चालू राहिलं. २०१५ ते २०२२ या काळात दरवर्षी तिथं तीनशेहून जास्त खून झाले. २०२४ मध्ये ही संख्या दोनशेच्या आसपास आली, ही दिलासा देणारी गोष्ट. पण २०१७ साली तिथल्या पोलिसांचं एक खास पथक उघडं पडलं. बेकायदा बंदुका पकडण्यात ते आघाडीवर, त्यामुळे वरिष्ठांचं लाडकं. ही मंडळी नागरिकांना लुटत होती आणि न केलेल्या जादा कामाचा पगार उचलत होती. बंदुकांचा आकडा दरमहा चांगला येत होता, त्यामुळे बाकी कुणी विचारलं नाही. आठ अधिकारी दोषी ठरले.

त्यावर सायमन यांनी जॉर्ज पेलेकानोस यांच्याबरोबर २०२२ साली ‘वुई ओन धिस सिटी’ ही सहा भागांची मालिका केली. तीही अवश्य पाहा. तिच्यात पोलीस आयुक्ताचं काम करणारा नट तुम्हाला ओळखीचा वाटेल. दारं उघडू नकोस असं फ्रीमनला बजावणारा तो सार्जंट, डेलेनी विल्यम्स. इथं तो आयुक्ताच्या खुर्चीत आहे.