पेन्सिलीनं लिहिलेला आकडा

सकाळी 6.30

मार्च संपत आला तरी एडिसनच्या फलाटावर वारा झोंबतो. न्यूअर्कला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. गेली अकरा वर्षं मी तिथल्या फेडरल कोर्टात ‘कोर्टरूम डेप्युटी’ आहे. माझे मामा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. गावाकडे कुणी विचारलं की मी सांगते, मामांचंच काम करते, फक्त साता समुद्रापलीकडे. तारखा लावायच्या, साक्षीदाराला शपथ द्यायची, ज्युरीची हजेरी घ्यायची आणि जज आत येताना ‘ऑल राइज’ म्हणून सगळ्यांना उभं करायचं.

मामांचे साहेब दर तीनेक वर्षांनी बदलायचे. नवे साहेब चहा कसा घेतात इथपासून सुरुवात. आमच्या जजबाईंची बदली कधीच व्हायची नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, सिनेटनं मंजूर करायचं आणि मग तहहयात त्याच खुर्चीत. पगारसुद्धा कुणाला कमी करता येत नाही. इथल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात हे लिहून ठेवलंय. काढायचं तर महाभियोगच हवा, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांत तो सिद्ध होऊन पद गेलेले फेडरल न्यायाधीश आहेत फक्त आठ.

सकाळी 7.40

मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव दिलेली आमची इमारत वॉलनट स्ट्रीटवर आहे. दारात मार्शल रोजच्याइतकीच कसून तपासणी करतात. पूर्वी मला याचा कंटाळा यायचा, आता येत नाही. 19 जुलै 2020ला आमच्याच डिस्ट्रिक्टच्या न्यायाधीश एस्थर सालास यांच्या नॉर्थ ब्रन्सविकच्या घरी पार्सलवाल्याच्या वेशात एक वकील आला आणि त्यानं त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनियलला, गोळ्या घालून मारलं. त्यांचे यजमान गंभीर जखमी झाले. त्या वकिलाचा एक दावा सालासबाईंपुढे होता. ते घर माझ्या घरापासून फार लांब नाही. न्यायाधीशांचे घरचे पत्ते उघड करू नयेत, असा डॅनियलच्या नावाचा कायदा डिसेंबर 2022मध्ये झाला. हे सगळं लिहू का, असं मी आमच्या बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “लिही, पण माझं नाव नको.” म्हणून नाव नाही आणि पुढच्या खटल्याचे तपशीलही थोडे बदललेत.

सकाळी 8.15

बाई माझ्या आधीच येऊन बसलेल्या. काळा गाऊन दारामागच्या खुंटीला, उजवी बाही मनगटापाशी विरलेली. नवा घ्या म्हटलं तर नको म्हणतात.

बाईंचे वडील पॅटरसनच्या रंगाच्या कारखान्यात होते. हात धुतले तरी नखांतला निळा रंग जायचा नाही, हे त्या एकदाच बोलल्या होत्या. रटगर्समध्ये कायदा, मग एका न्यायाधीशांकडे वर्षभर लॉ क्लार्क, मग सरकारी वकिलीची नऊ वर्षं. पुढे मॅजिस्ट्रेट जज झाल्या, तिथून वर. इथे न्यायाधीशपदाची परीक्षा नसते, आपल्याकडच्यासारखी. परीक्षा होते ती आयुष्याची. एफबीआय शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून जाते, आणि आजवर काय लिहिलं, कुठं भाषण केलं, किती खटले चालवले, ते सगळं सिनेटच्या समितीला द्यावं लागतं. बाईंची मंजुरी दहा महिने अडली होती. त्या दहा महिन्यांत काय वाटायचं, हे मी कधी विचारलं नाही.

सकाळी 9.00

तीन दिवाणी दाव्यांच्या तारखा, अर्ध्या तासात उरकल्या.

सकाळी 9.30

ज्युरी आली. बारा जण आणि दोन राखीव. आपल्या लोकांना ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. इथे ती रोजची गोष्ट आहे. शाळेतली शिपाईबाई, विमानतळावरचा मेकॅनिक, निवृत्त नर्स, दिवसाला पन्नास डॉलर घेऊन दुसऱ्याच्या नशिबाचा निकाल करायला बसतात. बाराही जणांचं एकमत लागतं. खटला बेकायदा शस्त्रांचा. वकिलांनी तीनदा हरकत घेतली, बाईंनी दोनदा मान्य केली. एकदा सगळ्यांना बाजूला बोलावून त्या हळू आवाजात बोलल्या. ज्युरीला ऐकू जाऊ नये म्हणून अशा वेळी स्पीकरमधून खरखर सोडतात, ते बटण माझ्याकडे असतं.

दुपारी 1.00

ज्युरीला आज लवकर सोडलं. बाई डबा खातात आणि दोन्ही लॉ क्लार्क समोर बसून एका निकालाच्या मसुद्यावर भांडतात. ही पोरं पंचवीस-सव्वीसची, एक वर्ष राहून जातील. बाई मधूनच म्हणतात, “हरणाऱ्याला कळेल असं लिहा. जिंकणारा वाचतच नाही.”

दुपारी 2.30

शिक्षा सुनावण्याची वेळ.

बाईंचा खरा कस लागतो तो इथे, असं मला अकरा वर्षं बघून वाटतं. खटला ज्युरी ठरवते, शिक्षा मात्र बाईंना एकटीला द्यावी लागते. आरोपीची तीन ट्रकांची वाहतूक कंपनी. कोविडच्या काळात चौदा ड्रायव्हर दाखवून सरकारी कर्ज उचललं, होते तीन. गुन्हा कबूल आहे.

शिक्षेचा एक तक्ता असतो. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या 43 पायऱ्या, आडव्या बाजूला पूर्वीच्या गुन्ह्यांचे 6 रकाने. याची सोळावी पायरी, पहिला रकाना. बोट फिरवलं की उत्तर येतं : 21 ते 27 महिने. 2005पर्यंत हा तक्ता जजवर बंधनकारक होता. त्या वर्षी सुप्रीम कोर्टानं बुकरच्या खटल्यात तो सल्ल्यापुरता ठेवला. तेव्हापासून जजनं तक्ता बघायचा, आणि मग माणूस बघायचा. कायद्याचं म्हणणं एवढंच की शिक्षा पुरेशी असावी, गरजेपेक्षा जास्त नसावी.

बाईंच्या पिवळ्या वहीच्या कोपऱ्यात आदल्या रात्री एक आकडा लिहिलेला असतो. कायम पेन्सिलीनं. आज तिथे 21 होता. प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल, बायकोचं पत्र, अकरा वर्षांच्या मुलीचं रेघांच्या कागदावरचं पत्र, सगळं वाचून झालेलं.

सरकारी वकिलानं 27 मागितले. बचावाचा वकील म्हणाला, तुरुंग नकोच. मग बाईंनी आरोपीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तो हक्क आहे त्याचा, तो दिल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. त्यानं खिशातून कागद काढला, दोन ओळी वाचल्या, आणि घडी घालून परत ठेवला.

“ते तीन ड्रायव्हर अजून फोन करतात,” तो म्हणाला. “काम आहे का विचारतात. मी उचलत नाही.”

बाई बराच वेळ गप्प. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. माझ्या टेबलावरून दिसलं, त्यांनी खोडरबर घेतलं.

“बारा महिने आणि एक दिवस.”

वकिलांना लगेच कळलं, बायकोला कळलं नाही. तिला तो एक दिवस वाढवलेला वाटला. फेडरल तुरुंगात पॅरोल नाही, 1987 नंतरच्या गुन्ह्यांना तो मिळतच नाही. चांगल्या वागणुकीची सूट मात्र मिळते, वर्षाला 54 दिवसांपर्यंत, आणि ती एक वर्षाहून जास्त शिक्षा असलेल्यालाच. बरोबर बारा महिने दिले असते तर तो बाराच्या बारा महिने आत राहिला असता. त्या एका दिवसामुळे तो जवळपास पावणेदोन महिने आधी घरी येईल. बाई त्याच्या बायकोकडे वळून हे सगळं सावकाश, साध्या शब्दांत बोलल्या. मग सरकारचे पैसे परत करायचे, सुटल्यावर तीन वर्षं देखरेख, चौदा दिवसांत अपील करता येईल.

“आणि हजर व्हायची तारीख?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “शाळा कधी संपते?”

मी कॅलेंडर उघडलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. मी जुलैचा पहिला सोमवार सांगितला.

संध्याकाळी 5.45

अशा दिवशी बाई गाऊन काढून खुर्चीत बसतात आणि काही वेळ कुणाशी बोलत नाहीत. लॉ क्लार्कही आत जात नाहीत. मी हुकूमनामा टाइप केला : 12 महिने 1 दिवस. दोनदा वाचून पाहिला, कारण तो ‘1 दिवस’ राहून गेला तर माझ्या चुकीची किंमत त्या मुलीला मोजावी लागेल.

उद्या अडीचला आणखी एक शिक्षा आहे. बाईंनी त्याचा अहवाल पिशवीत भरला आणि टेबलावर काहीतरी शोधू लागल्या. पेन्सिल कोर्टातच राहिली होती. मी जाऊन आणून दिली.