पोराला ‘हवा लागेल’ म्हणून

डिसेंबरातला कुठलाही शनिवार घ्या, वाईहून पसरणी घाट चढणाऱ्या गाड्यांत एकच चित्र दिसतं. आत सहा-सात माणसं, मधोमध स्वेटर-कानटोपी-मोज्यांत गुंडाळलेलं दोन वर्षांचं पोर आणि सगळ्या काचा वरपर्यंत लावलेल्या. कुणी चुकून बोटभर काच खाली घेतलीच तर मागून आजीचा हुकूम येतो, “काच लाव आधी, पोराला हवा लागेल!” पोर घामानं निथळतंय, काचांवर आतून वाफ धरलीय आणि पुढे बसलेला काका दर दोन वळणांनी शिंकतोय. सोमवारी पोराचं नाक वाहायला लागलं की ठपका मात्र महाबळेश्वरच्या हवेवर बसतो.

राज्यानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गादी, ओटा, संडास, सगळं चाकांवर घेऊन फिरायची हौस आता सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवरही दिसू लागली आहे. गाडी बदलली तरी ‘हवा लागेल’ हा नियम तसाच आत शिरला. साध्या मोटारीत तो फार तर सर्दी वाटून देतो. ज्या गाडीत माणसं रात्रभर झोपतात तिथे तो जिवावर बेतू शकतो.

आधी सर्दीचं पाहू. सर्दी विषाणूंमुळे होते आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. इंग्लंडमधल्या सॅलिसबरीला १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ फक्त सर्दीवर संशोधन करणारं केंद्र चाललं. तिथे स्वयंसेवकांना ओल्या अंगानं वाऱ्याच्या झोतात उभं करून पाहिलं. गारठलेल्यांना सर्दी जास्त झाली, असं काही दिसलं नाही.

तरीही आजीला पूर्ण खोटं ठरवायची घाई करू नये. कार्डिफ विद्यापीठात २००५ साली ९० जणांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले आणि दुसऱ्या ९० जणांचे पाय कोरड्या पातेल्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटातल्या पाच जणांनी. विषाणूंची तपासणी झालेली नव्हती, सगळा हिशेब ज्याच्या त्याच्या सांगण्यावर होता. संशोधकांचा अंदाज असा की गारठ्यानं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच आत दबा धरून बसलेल्या विषाणूचं फावतं. तेव्हा वेण्णा लेकच्या काठी पोराचे मोजे भिजले तर ते लगेच बदलावेत, इतपत आजीचं खरं. पण विषाणू येतो तो शिंकणाऱ्या काकाकडून, आणि काचा बंद असल्या की त्याला जायला दुसरी वाटच उरत नाही. ज्याला अडवायला काच लावली, तो आत बसून चणे खातोय!

लहान लेकरं घेऊन हिवाळाभर रस्त्यावर राहणं या भागाला नवीन नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं हाकत कुणी कोकणाकडे, कुणी कर्नाटकाकडे निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि कोकरांसोबत तान्हं मूल, असा त्यांचा वाडा आज या रानात तर उद्या त्या रानात उतरतो. कारखाने पेटले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या कराड, वाळवा, पलूसकडे येतात आणि त्यांच्या पोरांचा अख्खा हिवाळा उसाच्या पाचटाच्या कोपीत जातो. कॅरव्हॅनचं भाडं भरून लोक जे अनुभवायला जातात, ते ही कुटुंबं पोटासाठी करतात.

याचं कौतुक करून “बघा, त्यांच्या पोरांना काही होत नाही” असं म्हणणारेही भेटतात. तेही चूक. ही मुलं आजारी पडतात, चांगलीच पडतात. गाव बदलत राहिल्यानं लस चुकते, पोटाला पुरेसं मिळत नाही आणि चुलीचा धूर नाकातोंडात जातो. घरातल्या धुरामुळे पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे उघड्यावरच्या वाऱ्यापेक्षा कोंडलेल्या धुराची भीती जास्त. वातानुकूलित कॅरव्हॅनमधल्या पालकांनी नेमकं हेच लक्षात घ्यायचं आहे, आणि नेमकं हेच त्यांच्या गळी उतरत नाही.

कारण पुढचा प्रकार ठरलेला असतो. रात्री पारा उतरतो, पोराचे हात गार लागतात आणि कुणाला तरी शेगडी आठवते. “कोळसे चांगले लाल झालेत, धूर राहिलेला नाही, आता आत घ्यायला हरकत नाही.” हे वाक्य इतक्या ठिकाणी, इतक्या खात्रीनं बोललं जातं की ऐकणाऱ्यानं डोक्याला हात लावावा. निखाऱ्यांचा धूर संपतो, कार्बन मोनॉक्साईड संपत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्यांच्या अंगात तो लवकर भिनतो. “वास आला की जाग येईलच” म्हणणाऱ्यांना जाग येतच नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामण इथे केरळहून आलेले आठ पर्यटक रिसॉर्टच्या खोलीत हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपले. आठही जण गेले. त्यांत चार मुलं होती.

आणि त्यासाठी पेटती शेगडी किंवा हीटरच हवा, असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्याच वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसी चालवण्यासाठी जनरेटर सुरू होता आणि त्यातला कार्बन मोनॉक्साईड गाडीत शिरला होता, असं तपासात पुढे आलं. आपल्याकडे ‘आम्ही काही पेटवलंच नाही’ हा बिनतोड मुद्दा मानला जातो. जनरेटर पेट्रोल जाळतो, इंजिन डिझेल जाळतं, गॅसचा गीझर गॅस जाळतो. जिथे काही जळतं तिथे हा वायू तयार होऊ शकतो.

बरं, लक्षणं तरी वेगळी असावीत? डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. घाट चढून आलेल्या मुलाला उलटी झाली की घरचे म्हणणार, गाडी लागली. ओळखायची एक खूण आहे. गाडी थांबून बराच वेळ झाला असताना एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर तो घाटाचा दोष नव्हे. अशा वेळी कारण शोधत बसू नये. सगळ्यांना उघड्यावर आणावं, जनरेटर किंवा इंजिन बंद करावं आणि १०८ ला फोन करावा.

“आम्ही बोटभर फट ठेवतो” हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. हवा खेळती असावी, ते चांगलंच. पण आत कोळसे असतील किंवा जनरेटरचं धुराडं खिडकीच्या बाजूला असेल तर फटीच्या भरवशावर झोपता येत नाही. कॅरव्हॅन भाड्यानं घेताना टीव्ही किती इंची आहे हे सगळे विचारतात. कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारा अलार्म आहे का, तो चालतो का आणि झोपायच्या वेळी जनरेटर बंद ठेवता येईल का, हे विचारायला हवं. ऊब हवी तर पांघरुणं वाढवावीत. शेकोटी बाहेर, मोकळ्यावर, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली.

थंडी किती पडणार याबद्दलही एक गोड गैरसमज आहे. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या जेटीवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो आणि दुपारपर्यंत ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ म्हणून फोटो फिरू लागतात. बर्फ ढगांतून पडतो. हा थर म्हणजे गोठलेलं दव, हिमकण, आणि तो धरतो आभाळ निरभ्र असतानाच. अशा रात्री गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशात घालवून भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. त्यामुळे हवेचा पारा चार-पाच अंशांवर असतानाही टपावरचं दव गोठतं. गार हवा जड, ती उतारावरून खाली वाहत तळ्याकाठच्या खोलगट भागात साचते. म्हणूनच वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचा पारा बाजारपेठेपेक्षा कितीतरी खाली असतो. ‘जितकं उंच तितकं गार’ हे दिवसा बरोबर, पण अशा रात्री फसवं. पोरंबाळं असतील तर तळ्याच्या काठी मुक्काम करण्याचा मोह आवरून गाडी जरा चढावर लावली की दोन पांघरुणं वाचतात.

बाकीचे समज झटपट उरकू. चमचाभर ब्रँडीनं ऊब येत नाही. कातडीकडे रक्त धावल्यानं तसं वाटतं आणि शरीर उलट जास्त गार पडतं, शिवाय लहान मुलाच्या रक्तातली साखर उतरते ती वेगळीच. महाबळेश्वरचा मध उत्तम, तिथलं मांघर तर २०२२ पासून ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. पण वर्षाखालच्या बाळाला तो चाटवूसुद्धा नये, बोट्युलिझमचा धोका असतो. स्ट्रॉबेरीनं खोकला होत नाही, न धुतलेल्या स्ट्रॉबेरीनं पोट बिघडू शकतं. बाळाला पोटाशी घट्ट धरलं की ते सुरक्षित, हा भ्रम आहे: ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं मूल क्षणभर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोरानं पुढे जातं, कुठल्याही आईच्या हातांना ते पेलणारं नाही. कॅरव्हॅन चालू असताना मागच्या गादीवर मुलांना झोपवणं तर त्याहून वाईट. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसन बंधनकारक केलं आहे. पट्ट्याखाली फुगीर जॅकेट नको, पट्टा सैल राहतो. कासच्या पठारावर डिसेंबरात फुलं नसतात. त्यासाठी सप्टेंबरात या, हिवाळ्यात मायणीच्या तलावावर पक्षी पाहा.

काळजी कधी करायची, तेही सांगायला हवं. नुसतं वाहतं नाक हे परत फिरायचं कारण नाही. पोट उडत असेल, मूल प्यायचं बंद झालं असेल किंवा श्वास फार जलद चालत असेल, तर डॉक्टर गाठावा. फार जलद म्हणजे किती, याचा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त. मूल शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचे.

एक समज सांगलीच्या बाजूला फार चालतो. रात्री निघावं, मुलं झोपतात आणि रस्ता मोकळा मिळतो. मुलं झोपतात हे खरं. पण हंगामात कराडपासून मिरजेपर्यंतचे रस्ते रात्री मोकळे नसतात, उसाचे असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असला तर असला, त्यात पहाटे कृष्णाकाठचं धुकं. हेडलाईटच्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला फारसा रस्ता उरलेला नसतो. दिवसा तीच ट्रॉली दुरूनच दिसते, आणि मागच्या सीटवरची पोरं ‘ऊस! ऊस!’ ओरडून गाडी चालवणाऱ्याच्या आधी सांगतात.